पूर्णत्वाचा ध्यास आणि वेस्लींचे घर

स्मरणिकेसाठी यंदा इतिहासावर काहीतरी लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि लढायांच्या सनावळ्या पाठ करण्याचा मला पहिल्यापासून कंटाळा. पण माझे मामंजी ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. दुपारच्या निवांत वेळी ते आपल्या कपाटातील इंग्रजी पुस्तकांतल्या हकीकती मला मराठीत सांगत, आणि मी समोर तांदूळ निवडत बसे. त्यांतली एक आज लिहिते. ती राजेरजवाड्यांची नाही. विलायतेतील एका खेड्यातल्या कर्जबाजारी धर्मगुरूच्या घराची आहे, आणि त्या घरातून निघालेल्या एका मोठ्या हट्टाची.

हट्ट कसला, ते आधी सांगते. येशूचे डोंगरावरील प्रवचन प्रसिद्ध आहे. त्यात त्याने वैऱ्यावरही प्रेम करावयास सांगितले, आणि त्याच ओघात आपल्या ऐकणारांना आकाशातल्या पित्यासारखे परिपूर्ण होण्याची आज्ञा केली. मत्तयाच्या पुस्तकात पाचव्या अध्यायाच्या अगदी शेवटी ती येते. ऐकायला सोपी आणि करायला गेले तर अंगावर काटा यावा अशी ती आज्ञा आहे. ही करायची तरी कोणी? पुष्कळ शतके याचे उत्तर असे होते, की ज्यांनी घरदार सोडून मठात जाऊन दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन यांचे व्रत घेतले त्यांनी. संसारी माणसाने दहा आज्ञा पाळाव्यात, दानधर्म करावा आणि बाकीचे संतमहंतांवर सोडावे. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर आणि इतर सुधारक आले. त्यांनी संसार हीही देवाचीच चाकरी आहे असे सांगून बायकापोरांत राहणाऱ्यांचा मान वाढविला, पण माणसातले पाप त्याच्या मरणापर्यंत काही जात नाही, असेही ते शिकवीत. म्हणजे पूर्ण होण्याची आज्ञा जिथल्या तिथेच राहिली. ती खाणमजुराला, विणकराला आणि दुसऱ्याच्या घरी भांडी घासणाऱ्या मोलकरणीलाही आहे, आणि ती याच जन्मी पाळता येईल, असे ठामपणे सांगणारा माणूस अठराव्या शतकात झाला. त्याचे नाव जॉन वेस्ली. मेथडिस्ट पंथ त्याच्यापासून निघाला.

त्याचा जन्म १७०३ सालचा, लिंकनशायरमधील एपवर्थ गावचा. वडील सॅम्युएल हे तेथील चर्चचे धर्मगुरू. विद्वान आणि कवी होते, पण व्यवहारात अगदी कच्चे. आईचे नाव सुझाना. माझे मन जॉनपेक्षा या बाईतच जास्त अडकते. तिला एकोणीस मुले झाली आणि त्यांतली नऊ तान्हेपणीच गेली. एक मूल तर दाईच्या अंगाखाली झोपेत गुदमरून गेले. १७०५ साली कर्जापायी नवरा तुरुंगात पडला, तेव्हा हिने आपल्या बोटांतल्या अंगठ्या विकण्यासाठी त्याच्याकडे पाठवून दिल्या. त्याने त्या परत केल्या, ही गोष्ट वेगळी. पुढे यॉर्कच्या आर्चबिशपांनी तिला विचारले, की घरात कधी भाकरीची वाण पडली का? तिने उत्तर दिले, की भाकरी तशी मिळत गेली, पण ती मिळवायला आणि मिळाल्यावर तिचे पैसे चुकवायला इतका जीव काढावा लागे, की खाताना घास गोड लागत नसे. महिनाअखेरीला किराणावाल्याच्या दारावरून मान खाली घालून गेलेली कोणतीही बाई हे उत्तर समजेल.

या ओढगस्तीत तिने घरातच शाळा चालविली. सकाळी तीन तास आणि दुपारी तीन तास. मूल पाच वर्षांचे झाले की दुसऱ्या दिवसापासून शिक्षण सुरू, आणि पहिल्याच दिवशी सगळी मुळाक्षरे आली पाहिजेत. दोघींना मात्र दीड दिवस लागला! तिचे नियम तिने पुढे जॉनच्या आग्रहावरून १७३२ साली लिहून काढले. मुलाने आपण होऊन चूक कबूल केली तर मार नाही, हा त्यांतला एक नियम. दुसरा असा, की मुलीला नीट वाचता येऊ लागेपर्यंत तिला शिवणटिपण शिकवायचे नाही. तीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही. मुलांची मर्जी लहानपणीच मोडली पाहिजे, असेही ती म्हणे, आणि रडायचे तर हळू रडण्याची तिच्या मुलांना सवय होती. हे काही माझ्या मनाला पटत नाही. पण एवढ्या लेकरांचे घर चालविणाऱ्या बाईला उपदेश करण्याचा अधिकार माझ्यासारख्या दोन मुलांच्या आईला नाही.

१७०९ च्या फेब्रुवारीत रात्री घराला आग लागली. सगळी मुले बाहेर काढली आणि पाहतात तो पाच वर्षांचा जॉन वरच्या मजल्यावर अडकलेला. एक माणूस दुसऱ्याच्या खांद्यावर उभा राहिला आणि त्याने त्याला खिडकीतून ओढून घेतले. लगेच छप्पर कोसळले. नवे घर होईपर्यंत मुले इतरांच्या घरी विखुरली आणि तेथे त्यांना नको त्या सवयी लागल्या. पुन्हा एकत्र आल्यावर सुझानाने प्रत्येक मुलासाठी आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवून दिली. त्या वेळी त्या एकट्याला जवळ घेऊन बसायचे आणि त्याच्या मनात काय चालले आहे ते बोलायचे. मंगळवार हेटीचा, शनिवार चार्ल्सचा, गुरुवार जॉनचा. हा जॉन पुढे ऑक्सफर्डला विद्वान म्हणून नावाजला गेला, आणि तेथून त्याने आईला लिहिले, की ती गुरुवारची घटका अजूनही माझ्यासाठी राखून ठेव. आपल्या मंडळाची बैठकही गुरुवारी असते, म्हणून मला हे विशेष लक्षात राहिले.

१७११–१२ च्या हिवाळ्यात नवरा धर्मसभेसाठी लंडनला गेला होता. मागे नेमलेला मदतनीस प्रवचनात रोज तेच ते दळण दळी. सुझाना रविवारी संध्याकाळी घरातल्या मुलामाणसांना एखादे चांगले प्रवचन वाचून दाखवू लागली. शेजारपाजारचे लोक येऊन बसू लागले, आणि बघता बघता दोनशे माणसे जमली. मदतनिसाने तक्रार केली आणि नवऱ्याने हे बंद करावे असे पत्र पाठविले. तिचे उत्तर वाचण्यासारखे आहे. तिने असे कळविले, की तुमची नुसती इच्छा आहे असे लिहू नका, स्पष्ट हुकूम द्या, म्हणजे ख्रिस्तापुढे उभे राहण्याची वेळ येईल तेव्हा या लोकांना विन्मुख धाडल्याचा दोष माझ्या माथी राहणार नाही. हुकूम काही आला नाही. नवऱ्याचा मान राखून आपला मुद्दा न सोडण्याची ही रीत मला फार आवडली. याआधी १७०२ साली एकदा राजासाठीच्या प्रार्थनेला तिने ‘आमेन’ म्हटले नाही, एवढ्यावरून हे गृहस्थ महिनेच्या महिने घर सोडून गेले होते. जॉनचा जन्म ते परत आल्यानंतरचा.

आता याच घरातली एक दुःखाची गोष्ट. हेटी ही मुलींमध्ये सर्वांत हुशार. आठव्या वर्षी ग्रीक वाची, कविता करी. १७२५ साली लग्नाचे वचन देणाऱ्या एका माणसाबरोबर ती घरातून गेली, आणि त्याने तिला टाकले. ती परत आली तेव्हा बापाने तिचे लग्न घाईघाईने एका नळकाम करणाऱ्या माणसाशी लावून दिले. त्या माणसाला ना अक्षराचे वेड ना तिच्या मनाची जाण, आणि तो पिणारा. तिची मुले एकामागून एक गेली. घरातल्या शिशाच्या वाफांनी ती गेली असे तिला वाटे. तिने क्षमेसाठी बापाला पत्रे लिहिली, पण त्याचा राग गेला नाही. आईचाही हात तिच्या पाठीवरून लगेच फिरला नाही. मुलांच्या जिभेवरचा एकेक शब्द तोलणारे हे घर, पण घरच्या मुलीचा पाय घसरला तेव्हा त्याचे दार अर्धेच उघडले. बाजू घेतली ती एका अधू बहिणीने आणि जॉनने. १७२६ च्या उन्हाळ्यात जॉनने बापाच्याच चर्चमध्ये प्रवचन केले. विषय होता वाईट ठरलेल्या माणसावरही दया करण्याचा. कोणाला उद्देशून आहे हे बापाला बरोबर कळले आणि तो दुखावला. ऑक्सफर्डमधल्या जॉनच्या पोथ्यांपेक्षा मला त्याचे हे एक प्रवचन मोठे वाटते.

पोथ्याही त्याने पुष्कळ वाचल्या. जेरेमी टेलर, टॉमस ए केंपिस आणि विल्यम लॉ यांची पुस्तके वाचून, देवाला अर्धे मन देण्यात अर्थ नाही, असे त्याने ठरविले. १७२९ पासून तो, धाकटा भाऊ चार्ल्स आणि काही विद्यार्थी एकत्र जमू लागले. वेळेवर उठणे, उपास, प्रार्थना, तुरुंगातल्या कैद्यांना आणि गरिबांना भेटणे, सगळे काटेकोर पद्धतीने चाले. म्हणून इतर मुले त्यांना थट्टेने ‘मेथडिस्ट’ म्हणत, म्हणजे पद्धतवाले. चिडविण्यासाठी ठेवलेले नावच पुढे पंथाला चिकटले.

पण एवढे करून त्याला शांती नव्हती. १७३५ साली तो धर्मप्रचारासाठी अमेरिकेतील जॉर्जियाला निघाला. वाटेत तुफान झाले, तेव्हा हा भीतीने गारठला आणि त्याच जहाजावरचे मोरेव्हियन पंथाचे जर्मन लोक मुलाबाळांसह शांतपणे स्तोत्रे गात होते. त्या गोष्टीने तो ओशाळला. जॉर्जियाचे कामही फसले. परत आल्यावर २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका सभेत ल्यूथरच्या लिखाणाचे वाचन ऐकताना त्याच्या अंतःकरणात एकाएकी ऊब भरली. आपल्या पापांची क्षमा ख्रिस्ताने केली आहे, ती कमवायची नसते, याची त्याला खात्री पटली. पुढच्या वर्षी ब्रिस्टलला त्याने उघड्यावर उभे राहून उपदेश सुरू केला. ज्यांनी चर्चचा उंबरा पाहिला नव्हता असे कोळशाच्या खाणीतले लोक ऐकायला येत. पुढे पन्नास वर्षे तो घोड्यावरून गावोगाव हिंडला.

त्याची पूर्णत्वाची शिकवण नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुष्कळांनी तिची थट्टा केली आहे. १७६६ साली त्याने या विषयावर एक पुस्तकच लिहिले. त्याचे म्हणणे असे, की पूर्ण झालेला माणूस सर्वज्ञ होत नाही. तो चुका करतो, विसरतो, आजारी पडतो, त्याला मोहही होतात. पूर्णत्व म्हणजे देवावर सगळ्या मनाने प्रेम आणि शेजाऱ्यावर आपल्यासारखे प्रेम, आणि त्या प्रेमाने मन इतके भरलेले, की जाणूनबुजून पाप करायला जागा उरू नये. आणि हेही देवाच्या कृपेने मिळते, आपल्या कर्तबगारीने नव्हे. मामंजी समजावून देताना म्हणत, की दूध ओतप्रोत भरले की भांड्यात पाणी मिसळायला जागा राहत नाही, तसे हे आहे.

आता अशा शिकवणीचा गैरफायदा घेणारे निघायचेच. लंडनमध्ये जॉर्ज बेल नावाचा एक माजी शिपाई आपण देवदूतासारखे पूर्ण झालो असे सांगू लागला, आणि २८ फेब्रुवारी १७६३ रोजी जगाचा अंत होणार असे त्याने जाहीर केले. लोक घाबरून घराबाहेर पडले. वेस्लीने त्या संध्याकाळी प्रवचनात हे सगळे खोटे असल्याचे बजावले आणि नेहमीच्या वेळी अंथरुणावर पडून दहाच्या सुमाराला शांत झोपी गेला! स्वतः आपण पूर्ण झालो, असे मात्र तो कधी म्हणाला नाही. १७६७ साली त्याने एका वर्तमानपत्राला पत्र लिहून, आपण पूर्ण नाही, हे उघड सांगितले.

ही साधना करायची कशी? १७४२ साली ब्रिस्टलच्या प्रार्थनागृहावर कर्ज होते. ते फेडण्यासाठी असे ठरले, की बारा-बारा जणांचा एक गट करावा आणि प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. गटाच्या प्रमुखाने ती गोळा करावी, आणि ज्याला जमत नाही त्याची प्रमुखाने भरावी. आपल्या भिशीसारखाच प्रकार. पण पैसे घेण्यासाठी घरोघर गेल्यावर कोण पितो, कोण बायकोला मारतो, कोणाचे मन खचले आहे, हे प्रमुखाला कळू लागले. मग आठवड्यातून एकदा सगळ्यांनी जमावे आणि आपल्या मनाचा हिशेब एकमेकांपुढे मांडावा, अशी चाल पडली. या गटांच्या प्रमुख पुष्कळ ठिकाणी बायका होत्या. १७६१ साली डर्बी गावी सारा क्रॉस्बी गटाला भेटायला गेली. तीस माणसे येतील असे तिला वाटले होते, आली दोनशेच्या आसपास. एकेकाशी बोलणे शक्य नव्हते, म्हणून ती उभी राहून सगळ्यांशी बोलली, आणि मग आपण मर्यादा ओलांडली की काय या काळजीने तिने वेस्लीला पत्र लिहिले. त्याने तिला धीर दिला. तुम्ही काही अति केले नाही, फक्त, प्रवचन करीत नाही, मनातले सांगते, असे लोकांना सांगत जा, असा काहीसा त्याचा सल्ला होता. पुरुषांना दुखवायचे नाही आणि कामही थांबवायचे नाही, हे त्याला आईने शिकविलेले होते.

पैशाच्या बाबतीत तो बोलल्याप्रमाणे वागला. तरुणपणी वर्षाला तीस पौंड मिळत, त्यांत अठ्ठावीस पौंडांत राहून दोन तो दान करी. पुढे साठ मिळू लागले, तरी स्वतःसाठी अठ्ठावीसच, बाकीचे बत्तीस गरिबांना. १७७६ साली सरकारी कर खात्याने त्याच्याकडे चांदीच्या भांड्यांची यादी मागितली. एवढा प्रसिद्ध माणूस, याने काहीतरी लपविले असेल अशी त्यांची समजूत. त्याने कळविले, की माझे दोन चांदीचे चमचे लंडनला आहेत आणि दोन ब्रिस्टलला, आणि आसपास इतकी माणसे भाकरीवाचून असताना मी आणखी घेणार नाही. मरणाच्या काही दिवस आधी, फेब्रुवारी १७९१ मध्ये, त्याने विल्बरफोर्स यांना पत्र लिहून गुलामांच्या व्यापाराविरुद्धच्या लढ्यात टिकून राहण्याचा आग्रह केला.

आपल्या मुंबईतही या शिकवणीचा धागा आला आहे. १८७१ साली विल्यम टेलर नावाचे अमेरिकन मेथडिस्ट उपदेशक मुंबईत आले आणि त्यांनी घरोघर असेच गट सुरू केले. त्यांना येऊन मिळाले ते जॉर्ज बोवेन. हे १८४८ पासून मुंबईत होते. मिशनचा पगार त्यांनी आपण होऊन सोडला, वस्तीत एका लहानशा जागेत अत्यंत साधेपणाने राहिले, आणि १८८८ साली येथेच वारले. चाळीस वर्षांत एकदाही ते मायदेशी गेले नाहीत. मुंबईत त्यांच्या नावाचे चर्च आहे. पुढे मेथडिस्ट मिशनच्या मिनी एब्रम्स १८९८ साली पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात मदतीला गेल्या, आणि १९०५ साली केडगावी मुलींमध्ये पावित्र्याची जी मोठी जागृती झाली, तीत त्यांचाही हात होता. रमाबाईंवर आपल्यापैकी कोणीतरी स्वतंत्र लेख लिहावा.

मामंजींनी सांगताना एक भाग नेहमी थोडक्यात आटोपला, तो वेस्लीच्या संसाराचा. मी खोदून खोदून विचारले तेव्हा कळले ते असे. फेब्रुवारी १७५१ मध्ये लंडनच्या पुलावर बर्फावरून पाय घसरून वेस्ली पडला. मॉली व्हॅझील नावाच्या एका व्यापाऱ्याच्या विधवेने त्याला आपल्या घरी ठेवून त्याची शुश्रूषा केली. आठवडाभरातच दोघांनी लग्न केले. त्याचे वय सत्तेचाळीस, तिला आधीची चार मुले. लग्न झाले म्हणून उपदेशकाने एक प्रवचनही कमी करू नये की एक दिवसाचा प्रवासही कमी करू नये, असे तो म्हणे, आणि ते त्याने तंतोतंत पाळले. पहिली काही वर्षे बिचारी पावसापाण्यात त्याच्याबरोबर हिंडली. मग थकली. घरी एकटी राहू लागली, आणि नवऱ्याला येणारी पत्रे उघडू लागली. त्यांत बायकांची पत्रे पुष्कळ असत. किंग्जवुडच्या शाळेची व्यवस्था पाहणाऱ्या सारा रायन हिला तो आपल्या मनाची गुपिते लिहून पाठवी. त्यात वावगे काही नव्हते असे सगळे चरित्रकार सांगतात, आणि मलाही तसेच वाटते. पण जे मन दुसरीपुढे कागदावर उकलले जाते ते घरच्या बाईपुढे उकलले जात नाही, हे तिने किती वर्षे सोसावे? पुस्तकांत मॉलीला कजाग म्हटले आहे. कजाग असेलही. तिने त्याचे कागद विरोधकांच्या हाती दिले, हे वाईटच केले. तरीपण खाणमजुरांच्या मनाचा हिशेब आठवड्याला घेणाऱ्या माणसाने आईची ती गुरुवारची घटका बायकोला दिली असती तर काय झाले असते, असे माझ्या मनात येते. १७७१ साली ती घर सोडून गेली. त्याने रोजनिशीत लॅटिनमध्ये टिपून ठेवले, की मी तिला सोडले नाही, घालविले नाही, परत बोलावणारही नाही. १७८१ च्या ऑक्टोबरात ती वारली. तो चार दिवसांनी लंडनला पोचला. त्याच संध्याकाळी तिचे दफन झाले, पण ते त्याला एकदोन दिवसांनी कळले.

त्याच वर्षी, एका महिन्याने, याच मंडळीत एक लग्न झाले. वधू मेरी बोझँकेट, वय बेचाळीस. हिने तरुणपणीच श्रीमंत बापाचे घर सोडले होते, कारण भावांना मेथडिस्ट करणार नाही असे वचन बाप मागत होता आणि ती देत नव्हती. १७६३ पासून तिने सारा रायनलाच बरोबर घेऊन लेटनस्टोन येथे अनाथ मुलींसाठी घर चालविले. ती उपदेशही करी, आणि १७७१ साली वेस्लीने तिला देवाचे विशेष बोलावणे असल्याचे लेखी मान्य केले होते. वर जॉन फ्लेचर, मॅडली गावचे धर्मगुरू. यांच्यासारखा पवित्र माणूस आपण पाहिला नाही, असे वेस्ली म्हणे. दोघांनी मिळून गावाचे काम केले, तिने बोलावे तेव्हा त्यांनी ऐकत बसावे. संसार जेमतेम चार वर्षांचा झाला. १७८५ च्या ऑगस्टमध्ये फ्लेचर तापाने गेले. नव्या धर्मगुरूंनी तिला त्याच घरात राहू दिले, आणि १८१५ साली मरेपर्यंत ती मॅडलीच्या धान्याच्या कोठारात लोकांना जमवून उपदेश करीत राहिली.